आठ हजारांचा लाल ठिपका

दुसरा डार्टही तिच्या पाठीवरून गेला आणि मागच्या करवंदीच्या जाळीत घुसला. गव्याच्या त्या मादीनं मान वर केली, आमच्याकडे एकदा पाहिलं आणि पिल्लाला पुढे घालून ती सावकाश ओढ्यात उतरली. बांधावर जमलेल्या शंभरेक माणसांतून कुणीतरी ओरडलं, "डॉक्टर, गोफण देऊ काय?" सगळा बांध खदाखदा हसला.

डॉ. तुरंबेकर हसले नाहीत आणि चिडलेही नाहीत. बंदुकीची नळी रिकामी आहे ना ते त्यांनी पाहिलं, बंदूक माझ्या हातात दिली आणि जीपकडे चालू लागले. मूळचे ते जनावरांचे सरकारी डॉक्टर. पण बिबट्या गोठ्यात अडको की गवा गावात शिरो, आमच्या घाटमाथ्यावर बेशुद्धीचा डार्ट मारायला बावीस वर्षं तुरंबेकरच येत होते. मला वनरक्षक म्हणून लागून तेव्हा जेमतेम दोन वर्षं झाली होती. त्या हसणाऱ्यांचा मला इतका राग आला, की एकेकाचं नाव लिहून घ्यावं असं वाटलं.

हसण्यासारखं तिथं काहीही नव्हतं. रानडुकरासाठी कुणीतरी लावलेला क्लच वायरचा फास तिच्या गळ्यात अडकला होता. ताकद लावून ती खुंट्यासकट निसटली, पण वायर मानेत रुतून बसली. चारा तोंडात घेता येत होता, गिळता येत नव्हता. बरगड्या बांधावरून मोजता येत होत्या, आणि पिल्लू अजून दूध पीत होतं.

करवंदीत शिरून दोन्ही डार्ट मी शोधून काढले. औषधाची ती नळी कुणा पोराच्या हाती लागली असती तर आमची धडगत नव्हती. हात ओरबाडून घेऊन मी जीपमध्ये बसले तेव्हा इंगवले साहेब डॉक्टरांना विचारत होते. साहेब आमचे वनक्षेत्रपाल, नुकतेच बदलून आलेले, माणूस कामाचा पण कागदाला फार भिणारा.

"किती दिवस काढेल ती?"

"पाच. लई तर सहा," डॉक्टर म्हणाले.

"आणि औषध?"

"तीन मात्रा होत्या. एक ऱ्हायलीय."

"मी वर कळवतो. बाहेरचं पथक मागवू. येईल आठवड्याभरात."

"मग त्यांना सांगा, पंचनाम्याचे कागद घेऊनच या," मी म्हणाले.

साहेबांनी मागे वळून पाहिलं. "रेडेकर, तुमच्याकडे काही उपाय आहे, की नुसतंच तोंड आहे?"

"आहे, सर. बंदुकीची माशी हललीय."

माशी म्हणजे नळीच्या टोकावरचा बारीकसा मणी. मागची खाच, पुढची माशी आणि समोरचं जनावर एका रेषेत आलं की नेम बसतो. डॉक्टरांनी चमकून माझ्याकडे पाहिलं.

"मग दुरुस्त करून घ्या."

"कंपनीकडं पाठवायला लागंल. महिना जाईल. त्यापेक्षा वर रेड डॉट बसवू या."

"म्हणजे ते लाल लाइट? जनावर बुजेल ना!"

"लाइट बाहेर पडतच नाही, सर. छोटीशी काच असते, तिच्यात आपल्यालाच लाल ठिपका दिसतो. ठिपका जनावरावर आला की घोडा ओढायचा. खाच नको न् माशी नको. ट्रेनिंगला बघितलाय मी."

"कितीला येतो?"

"चांगला पन्नास हजारापर्यंत जातोय."

"आणि आपल्या ऐपतीतला?"

"आठेक हजारात बघते की."

साहेबांनी डायरीत आकडा लिहून घेतला. "आठच्या वर एक रुपया मिळणार नाही. आणि आणलेली वस्तू बंदुकीवर बसली नाही, तर तुमच्या पगारातून कापीन."

मी हो म्हणून बसले आणि मग अडचण लक्षात आली. सगळ्यात जवळचं दुकान बेळगावात. सरकारी बंदूक घेऊन राज्याची हद्द ओलांडायची म्हणजे साहेबांना भोवळच आली असती. बंदूक न नेता तिच्या मापाची वस्तू आणायची कशी? या काचा नेमाच्या खाचेत नव्हे, बंदुकीच्या पाठीवरल्या लांब खाचेत चिमट्यानं धरून बसतात, आणि खाच कुठं अरुंद असते, कुठं रुंद. फूटपट्टीनं मोजली तरी तिच्या कडांचा तिरकेपणा कागदावर कसा उतरवणार?

शेवटी कपड्याच्या साबणाची एक वडी कोमट पाण्यात मऊ केली आणि बंदुकीच्या पाठीवर दाबून धरली. उचलली तर खाचेचा ठसा कडाकोपऱ्यांसकट वडीत उमटलेला. आमचे वनमजूर बाबूमामा बघत होते. "बाई, बंदूक धुतायसा व्हय?" त्यांनी विचारलं. वडी फडक्यात गुंडाळून डब्यात ठेवली आणि सकाळच्या पहिल्या एसटीनं बेळगाव गाठलं.

दुकान कंग्राळकरांचं. छर्‍यांच्या बंदुका, दुर्बिणी, क्लबातल्या नेमबाजांचं सामान. कंग्राळकर साठीचे, कपाळावर गंध, आणि गिऱ्हाइकाला जोखणारी नजर. मी खाकीत होते तरी त्यांनी आधी माझ्या मागे कोण पुरुष आलाय ते पाहिलं.

"एकटीच आहे," मी म्हणाले. "आठ हजारात रेड डॉट दाखवा."

त्यांनी एक चकचकीत नग काढला. तीन हजाराचा. मी तो काउंटरवर दोन वह्यांमध्ये टेकवला आणि रस्त्यापलीकडच्या कापडदुकानाच्या पाटीवर ठिपका आणला. मग नगाला हात न लावता डोकं थोडं डावीकडे नेलं, थोडं उजवीकडे. पाटीवरच्या एका अक्षरावरचा ठिपका दोन अक्षरं सरकला.

"हा नको. मान हलली की नेम हलतोय."

"मान हलवायचीच कशाला वो बाई?"

"समोर गवा असला की हलती, काका."

त्यांनी मग दुसरा काढला. साडेसहा हजार. ठिपका लाल हवा तर लाल, हिरवा हवा तर हिरवा, काच निळसर, डबाही मखमलीचा. खरं सांगते, मी भुललेच. ठिपका जागचा हलत नव्हता. तळहातानं दोन-तीन थपडा मारून पाहिल्या, तरी नाही. पैसे काढायला पर्समध्ये हात घातला, आणि तेवढ्यात लक्षात आलं की दुकानात ट्यूबलाइट आहे. गवा काही ट्यूबलाइटखाली उभा राहणार नव्हता.

"जरा रस्त्यावर नेऊन बघते."

"रस्त्यावर? कुठं नेताय वो? अहो बाई!"

दुपारचा एक वाजला होता. भर उन्हात उभी राहून मी तो नग डोळ्यासमोर धरला आणि समोरच्या पांढऱ्या भिंतीवर रोखला. ठिपका गायब. बटण शेवटपर्यंत दाबलं, तरी लाल नाही की हिरवा नाही. कोपऱ्यावरचा रिक्षावाला हात वर करून उभा राहिला आणि म्हणाला, "मी काय केलं नाही हं मॅडम." कंग्राळकर मागे उभे होते. त्यांनी नग माझ्या हातातून घेतला, स्वतः डोळ्याला लावला, आणि पहिल्यांदाच मला नीट विचारलं, "कशाला पायजे तुम्हाला हे?"

मी सांगितलं. फास, पिल्लू, उरलेली एक मात्रा, पाच दिवस. ते आत गेले आणि वरच्या फळीवरून एक धुळकट खोका घेऊन आले. आतला नग ओबडधोबड होता, बुटका, काळा, एका कडेला रंग उडालेला. त्यांनी सांगितलं, क्लबच्या एका सरांनी चार वर्षं वापरून परत दिलेला. किंमत साडेसात हजार. मान हलवली, ठिपका जाग्यावर. थपडा मारल्या, जाग्यावर. उन्हात नेला, तर पांढऱ्या भिंतीवर कुंकवाच्या टिकलीइतका स्वच्छ. शिवाय त्याला गोल बटणाचा सेल लागत नव्हता, साधा पेन्सिल सेल लागत होता, जो आमच्याकडे कुठल्याही किराणा दुकानात मिळतो.

"खाली चिमटा कुठला बसवू? बंदूक कसली तुमची?"

मी डबा उघडला आणि साबण काउंटरवर ठेवला. कंग्राळकरांनी वडी उलटीपालटी करून पाहिली, नखानं खाच चाचपली, आणि माणूस हसायला लागला तो थांबेचना. आतून बायकोला हाक मारून त्यांनी तिला साबण दाखवला. चिमटे ठशावर लावून पाहिले, तिसरा अगदी चपखल बसला.

"चिमट्याचे आठशे."

"माझ्याकडं पाचशेच उरत्यात, काका."

"द्या पाचशे. पण साबण हितंच ठेवून जावा."

आठ हजारांची पावती घेऊन मी बाहेर पडले तेव्हा माझी मान इतकी ताठ होती की एसटीत खिडकीला डोकं टेकवलंसुद्धा नाही. चिमटा बंदुकीवर बसला. साहेबांनी पावती दोनदा तपासली आणि म्हणाले, "ठीक आहे." त्यांच्या तोंडून एवढं निघणंही पुष्कळ होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी रोपवाटिकेच्या मागे पंचवीस मीटरवर पेंढ्याचं पोतं टांगलं, त्यावर चुन्यानं बशीएवढा गोल काढला आणि बाबूमामांना बाजूला बसवून ठिपका जुळवायला लागले. नाण्यानं एक स्क्रू फिरवला की ठिपका वरखाली होतो, दुसरा फिरवला की डावीउजवीकडे. अकरा वाजेपर्यंत माझे डार्ट गोलात पडायला लागले. मी स्वतःवर बेहद्द खूश झाले आणि डॉक्टरांना फोन करून बोलावून घेतलं.

डॉक्टर आले. बंदुकीकडे न जाता थेट पोत्याकडे गेले, एक डार्ट उपटला आणि कानाजवळ धरून हलवला.

"रिकामा हाय ह्यो."

"सरावाला रिकामेच वापरतो की, सर. सगळेच."

आमच्याकडची ती रीतच होती. डार्ट महाग, भरलेला डार्ट आपटला की त्याच्या आतला रबर खराब होतो, म्हणून सरावाला कोरडे डार्ट. जुन्या खाच-माशीवर डॉक्टर अनुभवानं तो फरक भरून काढायचे, म्हणून कुणाला कधी कळलंच नव्हतं.

"शिल्पा, तीन मिली औषधाचं वजन काय हवंत जातंय व्हय? पाणी भर आणि मार बघू."

मी पाणी भरलं आणि मारला. ठिपका गोलाच्या मधोमध होता, डार्ट हातभर खाली पोत्याच्या काठावर लागला. म्हणजे उद्या मांडीच्या मांसाऐवजी गुडघ्याचं हाड. शेवटची मात्रा हाडावर फुटली असती आणि मी ताठ मानेनं तिथं उभी असते.

"आता तू जुळवलायस त्यो ठिपका इसर. भरल्या डार्टावर परत जुळवू," ते म्हणाले, आणि खिशातून रुपया काढून स्वतःच स्क्रूला लावला.

तासाभरात जुळला. मग त्यांनी बंदूक खांद्याला लावली, आणि लावताच थबकले. चष्मा खिशातच होता. दोन्ही डोळे उघडे ठेवून ते कितीतरी वेळ नुसते काचेतून बघत राहिले. मामा पाणी आणायला विहिरीकडे गेले होते.

"माशी हललेली नव्हती," बंदूक खाली न घेता ते म्हणाले.

"माहितीय, सर."

"कधीपास्नं?"

"गेल्या वर्षीपासनं. बाटलीवरचा आकडा तुम्ही मला वाचायला लावायचा. लांब धरून बघायचा आणि मग मला द्यायचा."

"चष्मा लावला की माशी दिसती आन् जनावर धुक्यात जातंय. काढला की जनावर दिसतंय आन् माशी विरघळती. दीड वरीस अंदाजावर मारतोय मी."

"मग सांगितलं का नाही?"

"बंदूक काढून घेतली असती, पोरी."

"म्हणून दोन मात्रा वाया गेल्या." हे मला बोलायचं नव्हतं, पण बोलून गेले. "ती तिकडं उपाशी मरतीय, सर."

त्यांचा चेहरा बघून मला स्वतःची जीभ चावावीशी वाटली, तरी बोललेलं खरंच होतं आणि ते आम्हां दोघांनाही ठाऊक होतं. त्यांनी पुन्हा काचेतून पोत्याकडे पाहिलं. "ह्यात सगळं एकाच जागी दिसतंय," ते म्हणाले. "ठिपका बी आन् पोतं बी. धुकं न्हाई."

पाच डार्ट त्यांनी मारले. पाचही बशीत, त्यातले तीन एकमेकांना चिकटून. मग मी मारले. बशीत तीन, दोन बाहेर. मी कॉलेजात एनसीसीच्या नेमबाजीत पदक मिळवलेली मुलगी, मला हरायची सवय नव्हती. परत पाच मारले. परत तीनच.

शुक्रवारी सकाळी ती ओढ्याच्या वरच्या खाचरात दिसली. बांधावर पुन्हा माणसं, या वेळी जास्तच. ती मान खाली घालून उभी होती, पिल्लू पोटाशी ढुशा देत होतं. डॉक्टरांनी उरलेली मात्रा डार्टमध्ये भरली. बंदूक घ्यायला त्यांनी हात पुढे केला, तेवढ्यात इंगवले साहेब सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले,

"डॉक्टर, तुम्ही औषधाचं बघा. डार्ट रेडेकर मारतील."

"सर, काल डॉक्टरांचे पाचात पाच..."

"पोत्यावर. मंगळवारी काय झालं ते सगळ्या गावानं पाहिलंय. हा माझा आदेश आहे, रेडेकर."

डॉक्टरांनी हात मागे घेतला. माझी परिवीक्षा संपून नोकरी कायम व्हायला अजून वर्ष होतं. घरी माझ्या पगारावर दोघं भाऊ शिकत होते. मी "होय सर" म्हणाले, बंदूक घेतली आणि डॉक्टरांना बरोबर घेऊन वाकत वाकत खाचरात उतरले. साहेब आणि गाव पन्नास पावलं मागे राहिले.

पंचवीस मीटरवर करंजाच्या झाडाआड आम्ही थांबलो. मी बंदूक खांद्याला लावली. ठिपका तिच्या मांडीवर आला, पण माझ्या श्वासाबरोबर वरखाली होत राहिला. लागला असता कदाचित. पाचात तीन वेळा लागला असता. मी बंदूक खाली घेतली आणि डॉक्टरांसमोर धरली.

"धरा."

"आगं, सायबाचा हुकूम हाय."

"काल पाचात पाच कुणाचे होते?"

"शिल्पा, नोकरी जाईल तुजी."

"ती तिसऱ्यांदा उभी राहणार नाही, सर. धरा."

मागून साहेबांचा आवाज आला, "रेडेकर! काय चाललंय?" मादीनं कान टवकारले. डॉक्टरांनी एकवार तिच्याकडे पाहिलं आणि बंदूक घेतली. त्यांचे हात स्थिर होते. दोन्ही डोळे उघडे. गॅसचा फस्स आवाज झाला आणि डार्टचं गुलाबी शेपूट तिच्या मांडीच्या भरल्या मांसात, बरोबर मधोमध, उभं राहिलेलं दिसलं.

ती वीसेक पावलं पळाली, थांबली. बारा मिनिटं आम्ही घड्याळाकडे बघत बसलो. मग तिचे पुढचे पाय दुमडले आणि ती गोठ्यातल्या म्हशीसारखी शांतपणे बसली. पुढचं काम भरभर झालं. मामांनी तिच्या डोळ्यांवर ओला टॉवेल टाकला, मी मान धरली, डॉक्टरांनी पकडीनं वायर तोडून कातडीतून इंच इंच सोडवली. जखमेत अळ्या होत्या. त्या काढल्या, धुतलं, मलम भरलं. कानाच्या शिरेत उताऱ्याचं इंजेक्शन देऊन आम्ही तिघं धूम पळालो आणि बांधावर चढलो. तीन मिनिटांनी ती डोकं झाडत उठली. पिल्लू धावत आलं. तिनं वाफ्यातला हिरवा घास ओरबाडला आणि चावला. मग सगळ्या बांधाच्या देखत तो गिळला. गळ्यातून घास उतरताना दिसला तेव्हा डॉक्टरांनी तोंड फिरवलं आणि डोळ्यांना रुमाल लावला. मी उघडपणे रडले. गाव टाळ्या वाजवत होतं आणि मला कुणाचंही नाव लिहून घ्यायचं नव्हतं.

तुरंबेकर त्यानंतर चार वर्षं, निवृत्त होईपर्यंत, त्याच काचेतून डार्ट मारत होते. त्या चार वर्षांत त्यांचा एकही डार्ट वाया गेल्याचं मला आठवत नाही. पहिल्याच आठवड्यात त्यांनी साहेबांच्या टेबलासमोर उभं राहून स्वतःच्या डोळ्यांचं खरं काय ते सांगून टाकलं. माशीबद्दलची माझी थापही त्यातच उघडी पडली.

मला मात्र सोमवारीच कारणे दाखवा नोटीस आली होती. इंगवले साहेबांनी ती स्वतःच्या हातानं माझ्यापुढे ठेवली. वरिष्ठांचा स्पष्ट आदेश असताना, आणि नेमबाजीचं प्रशिक्षण घेतलेलं असताना, आपण डार्ट न मारता बंदूक परस्पर दुसऱ्याच्या हाती का दिली, याचा लेखी खुलासा सात दिवसांत करावा.

मी सात दिवस घेतले नाहीत. तिथंच त्यांच्यासमोर खुर्ची ओढली, पेन मागून घेतलं आणि लिहिलं. साहेबांनी ते वाचलं, माझ्याकडे पाहिलं, पुन्हा वाचलं, आणि खाली 'खुलासा मान्य' असा शेरा मारून सही केली. आज मी वनपाल आहे. घरात बाहेरच्या खोलीत एनसीसीचं पदक कुठं दिसत नाही, ते कपाटात आहे. भिंतीवर त्या कागदाची प्रत फ्रेम करून लावली आहे. येणारा जाणारा ती वाचतो, आणि मी त्याला वाचू देते. त्यावर माझ्या अक्षरात एकच ओळ आहे: "माझ्यापेक्षा चांगला नेमबाज माझ्या शेजारी उभा होता."